दोनशे चौदा सह्या

जेवणाला पंचवीस माणसं सांगितली होती आणि चाळीस आली. शहागंजातून मागवलेला नान-खलिया पुरतो की नाही या काळजीनं रत्नमाला अंगणातल्या पातेल्याजवळून हलत नव्हती. तिचा नवरा इंद्रजीत पंगतीतून फिरत होता, एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत. संबोधीनगरच्या मैदानावर दुसरा हायमास्ट मंजूर झाला होता. पहिला दोन वर्षांपूर्वी त्यानंच खटपट करून आणला होता. साठ फुटी खांब, वर लोखंडी कडं, कड्यात बारा दिवे, आणि रात्रभर सगळ्या वस्तीवर दुपारसारखा पांढरा उजेड. त्या उजेडाच्या जोरावर पडेगावच्या अलीकडच्या या वस्तीत तो 'भाऊ' झाला होता आणि आता निवडणुकीच्या तिकिटाची वाट बघत होता.

रत्नमालाची झोपायची खोली बरोबर त्या खांबासमोर होती. मे महिन्याच्या उकाड्यातही ती खिडकी बंद करून, वर गोधडी टांगून झोपायची. म्हणजे पडून राहायची. झोप अशी दोन वर्षांत लागली नव्हती. पण नवऱ्याला ती हे कधी बोलली नाही. वस्तीतल्या बाया तिला 'उजेडवाल्या वहिनी' म्हणत, आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडायचं.

पंगत संपत आली तेव्हा वॉर्डातले जुने पुढारी आप्पासाहेब उठले. त्यांनी मंजुरीचं पत्र वाचून दाखवलं. कार्यालयाची भाषा लांबलचक होती, पण मधलं एक वाक्य त्यांनी मुद्दाम सावकाश वाचलं: परिसरातील दोनशे चौदा रहिवाशांनी स्वतःच्या सहीनिशी केलेल्या आग्रही मागणीनुसार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पासाहेबांनी पत्रासोबतच्या सह्यांच्या झेरॉक्सचा गठ्ठा वर धरून दाखवला आणि म्हणाले की वस्ती असावी तर अशी, एका आवाजात बोलणारी.

सरिता तेव्हा ताकाचा जग घेऊन वाढत होती. सरिता म्हणजे इंद्रजीतची मोठी बहीण. खुलताबादजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायची. नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून अकरा वर्षं याच घरात, गच्चीलगतच्या खोलीत राहत होती. रत्नमालानं पाहिलं, की 'दोनशे चौदा' हे ऐकताच सरिता जागच्या जागी थांबली. तिनं जग खाली ठेवला, पदराला हात पुसला आणि आप्पासाहेबांच्या हातून तो गठ्ठा मागून घेतला.

पहिल्याच ओळीत गोजरबाईंची सही होती. सासूबाईंची सही रत्नमालाही कुठंही ओळखली असती. मोठाली अक्षरं, प्रत्येकाची शिरोरेघ वेगळी, आणि जागा संपल्यामुळे 'पगारे' खालच्या ओळीत घसरलेलं. गोजरबाई साठाव्या वर्षी लिहायला शिकल्या होत्या, रूपाच्या पहिलीच्या जुन्या पुस्तकावरून. आता त्या चौसष्ट वर्षांच्या होत्या.

"इंद्रजीत," सरिता म्हणाली, "या सह्या तुला कुणी दिल्या?"

तो हसला आणि म्हणाला की ताई, पाहुणे जाऊ दे, मग बोलू. सरितानं पुन्हा तेच विचारलं, आवाज न चढवता. आप्पासाहेब एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिले. आणि तेवढ्यात दिवे गेले.

नुसते घरातले नाही. मैदानावरचा हायमास्ट गेला, समोरच्या रस्त्याचे गेले, मशिदीच्या मिनारावरची हिरवी नळी गेली, पलीकडच्या हॉटेलाची पाटी गेली. मग सगळ्यांनी खिशातले मोबाइल काढले.

*

इंद्रजीतचे वडील कडुबा पगारे दाराशी बाजेवर बसले होते. अडुसष्ट वर्षांचा हा माणूस छत्तीस वर्षं लाइनमन होता. बाकीचे लोक घराकडं बघत होते तेव्हा त्यांनी आधी आभाळाच्या कडेकडं पाहिलं. छावणीच्या बाजूची लाली नव्हती. वाळूजच्या कारखान्यांकडची नव्हती. स्टेशनकडं तर सगळं काळंच होतं.

"आपल्या गल्लीतल्या डीपीचं नाय हे," ते म्हणाले. "मेन लाइनच गेली."

जुन्या सोबत्याला फोन लावला तर त्यानंही तेच सांगितलं. उन्हाच्या कडाक्यानं मुख्य वाहिनीवरचा भार वाढला, एका मोठ्या उपकेंद्रात बिघाड झाला आणि सगळं संभाजीनगर बसलं. दोन तास तरी लागतील. कडुबांनी फोन ठेवला. पाहुणे बुटं शोधत, गाड्या काढत निघून जात होते, त्यांच्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी अंधार पडला की त्यांना आपल्याच हातून काही राहिल्यासारखं वाटायचं. काळोखाचं त्यांना कधीच कौतुक नव्हतं.

म्हणूनच तर मागच्या दिवाळीत ते लेकीशी भांडले होते. रूपा, म्हणजे इंद्रजीतची बारा वर्षांची मुलगी, तिनं आत्याला विचारलं होतं की सप्तर्षी खरंच असतात का, की फक्त पुस्तकात. सरिताला ते फार लागलं. खेड्यातल्या शाळेत ती ज्या मुलांना शिकवायची त्यांना रोज तारे दिसत आणि तिच्या घरातल्या पोरीला एक दिसत नव्हता. तिनं एक अर्ज लिहिला. दिवे काढा असं त्यात कुठंही नव्हतं. दिव्यांना वरून झाकण बसवा म्हणजे उजेड जमिनीवर पडेल, आणि रात्री अकरा ते पहाटे चार ते बंद ठेवा, एवढंच होतं. चार वाजता परत लावा, कारण साडेचारला वाळूजच्या कंपनीची बस येते आणि वस्तीतल्या तीस-पस्तीस बाया त्या मैदानातून जातात, हेही तिनंच घातलं होतं. गोजरबाईला सोबत घेऊन ती घरोघर फिरली आणि दोनशे चौदा सह्या जमवल्या. कडुबांनी सही केली नाही. उजेड कमी करा म्हणणाऱ्या कागदावर माझ्या हातची सही होणार नाही, असं त्यांनी तेव्हा सुनावलं होतं. आणि सरितानं तो सगळा गठ्ठा भावाच्या हाती दिला. तुझी कार्यालयात ओळख आहे, तूच दे, असं म्हणून. सहा महिने ती उत्तराची वाट बघत होती.

घरात इन्व्हर्टरवर दोन दिवे जळत होते. ते अचानक विझले. कडुबांनी वळून पाहिलं तर सरिता बटणाशी उभी होती. कुणाचं तोंड बघायचं नसल्यासारखी ती जिन्यानं वर गेली. तिच्यामागं रूपा पळाली. आणि मग गुडघ्यावर हात ठेवत, एकेक पायरी चढत, गोजरबाईही.

"कुठं चाललीस?" कडुबांनी विचारलं.

"वर."

"अंधारात पडशील."

"पडंन," ती म्हणाली आणि चढत राहिली.

*

सरिता वर आली होती ती एकटं बसायला. सहा महिन्यांत तिनं भावाला चार वेळा विचारलं होतं आणि चारही वेळा तो म्हणाला होता, दिलाय ताई, साहेब बघतायत. त्या प्रत्येक वेळी त्याला खरं माहीत होतं. ती कठड्याला टेकली, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा समोर सगळं आभाळ होतं.

तिला वाटलं होतं त्याहून कितीतरी खाली आलेलं. शाळेच्या गावी ती असं आभाळ पाहायची, पण ते गावावरचं होतं. हे तिच्या स्वतःच्या घरावरचं होतं, पाण्याच्या टाकीवर, शेजारच्या वाळत घातलेल्या साड्यांवर, टेकड्यांपासून दौलताबादच्या किल्ल्याच्या काळ्या शेंड्यापर्यंत. उत्तरेला सप्तर्षी इतके ठळक होते की बोट दाखवायची गरज नव्हती. डोक्यावर स्वाती पिवळसर. दक्षिणेला चित्रा. आणि पूर्वेच्या कडेला नुकताच वर येणारा वृश्चिक, मधोमध लाल ज्येष्ठा.

"आत्या," रूपा म्हणाली, "हे सगळे रोज असतात?"

"रोज."

"मग आपल्याला का दाखवत नाहीत?"

कुणी दाखवत नाही, कुणी झाकतही नाही, असं काहीतरी समजूतदार उत्तर सरिता एरवी देऊ शकली असती. त्या रात्री तिला ते जमलं नाही. झाकतात, ती म्हणाली.

आजूबाजूच्या गच्च्या भरत होत्या. खाली उकडत होतं, पंखे बंद होते, म्हणून लोक चटया घेऊन वर येत होते, आणि वर आल्यावर माना वर करून उभे राहत होते. पलीकडच्या गच्चीवरून नजमाभाभींनी विचारलं की सरिताबाई, वो लाल तारा कौनसा? सरितानं सांगितलं. तिच्या पलीकडच्या गच्चीनं पुन्हा विचारलं. थोड्या वेळानं ती तीन घरांना ऐकू जाईल अशा, वर्गातल्या आवाजात बोलत होती आणि राग क्षणभर बाजूला पडला होता. टोकाच्या दोन ताऱ्यांतून रेघ ओढा, सरळ खाली या, तो ध्रुव. तो हलत नाही. पोरांना तो सापडला की शेजारच्या गच्चीवरून आरोळी यायची.

गोजरबाई पालथ्या बादलीवर बसली होती. ती म्हणाली, सप्तर्षी-बिप्तर्षी तुमच्या पुस्तकात. आमच्याकडं ते म्हातारीचं बाजलं. चार खूर ते चार तारे, आणि मागं ते तीन चोर. चोर बाजलं ओढू राहिले आणि म्हातारी जागी हाय. ती झोपली की जग संपलं. तिची आई रात्री खळ्यावर राखण करताना त्या बाजल्यावरून किती रात्र झाली ते सांगायची. रूपानं विचारलं की मग म्हातारी कधीच झोपत नाही का. गोजरबाई म्हणाली, चोर हायेत तोवर कशी झोपंल. नजमाभाभी पलीकडून हसल्या.

तेवढ्यात जिन्यातून मोबाइलचा उजेड आला. इंद्रजीत वर आला होता. त्याच्यामागं रत्नमाला होती.

पाहुण्यांसमोर मान खाली घालायला लावलीस, असं त्यानं सुरू केलं. आप्पासाहेबांना काय वाटलं असेल, वर्षभर ज्या माणसाच्या मागं फिरलो त्याच्यासमोर तू हिशेब विचारायला उभी राहिलीस. सरितानं त्याला टॉर्च बंद करायला सांगितला. त्यानं केला नाही. तेव्हा तिनं विचारलं की माझ्या अर्जाचं पहिलं पान कुठं आहे.

तो थोडा वेळ इकडं तिकडं बोलला. मग म्हणाला, की तुझा अर्ज दिला असता तर अख्ख्या वॉर्डात हसं झालं असतं. लोक उजेड मागतात, तू अंधार मागतेस. अर्ज एक पानाचा होता. ते पान बदललं. सह्या त्याच लोकांच्या, वस्ती तीच. त्यात कुणाचं काय नुकसान झालं?

"त्यांनी सह्या कशावर केल्या होत्या ते तुला माहीत होतं."

"ताई, वाचून कोण सही करतं? तू दारात आलीस म्हणून केली लोकांनी."

"म्या वाचून केली व्हती," गोजरबाई म्हणाली.

ती बादलीवरून उठली नव्हती. आवाजही मोठा नव्हता. पण इंद्रजीत तिच्याकडं वळला आणि टॉर्चचा उजेड तिच्या तोंडावर पडला. तिनं डोळ्यांवर हात धरला नाही.

"एकेक अक्षर लावून वाचला म्या त्यो कागद," ती म्हणाली. "अर्धा तास लागला. सरिता म्हणली, आई, मी वाचून दाखवते. म्या म्हणलं नाय. मपल्या नावाखाली काय हाय ते मला कळाया पायजे. जन्मात पहिल्यांदा सरकारच्या कागदावर मपलं नाव लिहिलं, अंगठा नाय दिला. आन तू ते नाव कापून दुसऱ्याच कागदाला चिटकवलं."

इंद्रजीत म्हणाला की आई, तुझ्यासाठीच तर करतो. गोजरबाई आजवर नेहमी मुलाच्या बाजूनं बोलत आली होती. लेकीचा संसार मोडला तेव्हाही, वरची खोली तिला द्यायची की नाही यावरून घरात वाद झाला तेव्हाही. सरिताला ते सगळं आठवत होतं. म्हणून आत्ता ती आईच्या बादलीजवळ सरकून उभी राहिली.

इंद्रजीतनं बायकोकडं पाहिलं. तू तरी सांग यांना, तो म्हणाला, उजेड आल्यापासून वस्तीत किती बरं झालं ते.

"बरं झालं," रत्नमाला म्हणाली. "मैदानात बाया फिराया लागल्या, ते खरं हाय. पण मला दोन वर्षं झोप नाय. तुमच्या शेजारीच असते मी. तुम्हाला दिसलं नाय, ना तुम्ही विचारलं."

*

कडुबा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. ते केव्हा आले ते कुणाला कळलं नव्हतं. त्यांना बायकोचं बोलणं ऐकू आलं होतं, आणि त्याआधी मुलाचंही.

"पहिलं पान फाडलंस?" त्यांनी विचारलं.

इंद्रजीतला वाटलं असावं की आबा आपल्या बाजूचे. दिवाळीत त्यांनीच सही नाकारली होती. तो म्हणाला की फाडलं नाही, बाजूला काढलं. तुम्हालाच तर तो अर्ज पटला नव्हता आबा.

कडुबा कठड्याशी येऊन उभे राहिले. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. ती गोजरबाईला माहीत होती, मुलांना त्यांनी कधी सांगितली नव्हती. मुलांना एवढंच ठाऊक होतं की वैजापूरकडच्या त्यांच्या गावात आपल्या वस्तीला वीज उशिरा आली आणि म्हणून आबा लाइनमन झाले.

ते आठवीत होते. गावात वीज येणार होती. गावातली चार मोठी माणसं वस्तीत आली, कागद घेऊन. तुमच्या अठरा घरांना लाइट मिळंल, अंगठे द्या. अठराही घरांनी दिले. खांब आले, तार आली. ती तार वस्तीच्या घरांवरून पुढं गेली आणि गावातल्या एका बड्या माणसाच्या विहिरीवर मोटार बसली. कडुबांचा बाप विचारायला गेला तर त्याला तोच कागद दाखवला. खाली अंगठे तेच होते. वर लिहिलं होतं की आम्हा सर्वांची विहिरीवर वीज जोडण्यास संमती आहे. नऊ वर्षं ती तार त्यांच्या पत्र्यावरून गुणगुणत गेली आणि खाली चिमणी जळत राहिली.

"माझ्या बापाला वाचता येत नव्हतं," कडुबा म्हणाले. "त्याला फसवलं ते परके व्हते. हिला वाचता येतं. आन फसवणारा हिच्या पोटचा."

"मी विहीर नाही घेतली आबा. उजेडच मागितला."

"त्यांनी बी लाइटच म्हणलं व्हतं."

इंद्रजीत चिडला. या घरात मी एकटाच बाहेर पडून काही करतो, आणि तुम्ही गच्चीवर बसून चांदण्या मोजता, असं तो म्हणाला. सरितानं सांगितलं की तिला अंधार नको आहे. ती स्वतः रोज संध्याकाळी शेवटच्या बसनं येते आणि त्या मैदानातून चालत येते, तिला उजेडाची किंमत कळते. पण उजेड पायाखाली हवा. आभाळात कुणाला चालायचं आहे? आपल्या आजोबांच्या वेळी उजेड नेला, आता आभाळ नेलं, आणि दोन्ही वेळा म्हणाले की तुम्हीच सही केलीत.

कडुबा लेकीकडं बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली. जन्मभर ते खांबावर चढले होते, आणि खांबावर चढलेला माणूस तारेकडं बघतो, तारेच्या वर बघत नाही. रूपानं त्यांचा हात धरला आणि ध्रुव दाखवला. त्यांना तो लगेच सापडला नाही. तिनं पुन्हा, आत्यासारखंच, दोन ताऱ्यांतून रेघ ओढून दाखवली. मग ते म्हणाले, व्हय, दिसला.

पावणेअकराला दिवे आले.

आधी स्टेशनच्या बाजूचे, मग छावणी, मग रस्ता. प्रत्येक वेळी पूर्वेचं थोडं आभाळ फिकट होत गेलं. आणि शेवटी समोरचा हायमास्ट. बारा दिवे एकदम पेटले आणि गच्चीवरच्या सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा वर काहीच नव्हतं. एरवी लाइट आली की पोरं ओरडतात. त्या रात्री आसपासच्या गच्च्यांवरून नाराजीचा एक सूर उठला, आणि पंखे सुरू झाले असतानाही कुणी खाली जाईना.

कडुबा जिना उतरले. दारामागच्या खुंटीवरची जुनी पिशवी त्यांनी काढली, हातमोजे घातले आणि मैदान ओलांडून खांबाशी गेले. खांबाच्या बुडाशी पत्र्याची पेटी होती, तिचं दार तारेनं बांधलेलं. त्यांनी तार सोडली, आधी मेन स्विच पाडला, मग एकामागोमाग तिन्ही फ्यूज काढून पिशवीत टाकले आणि दार पुन्हा तारेनं बांधलं. मैदान काळं झालं. गच्च्यांवर कुणीतरी टाळी वाजवली.

इंद्रजीत धावत आला. सरकारी मालमत्ता आहे आबा, गुन्हा दाखल होईल, तो म्हणाला.

"होऊ दे. तक्रार तूच लिही. आन या बारीला पहिलं पान बदलू नको."

इंद्रजीतनं मोटरसायकल काढली. आप्पासाहेबांकडं जातो, आत्ताच्या आत्ता माणूस आणून दिवे लावतो, असं तो रत्नमालाला ऐकू जाईल असं म्हणाला. तिनं त्याला अडवलं नाही. गाडीचा दिवा गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला.

कडुबा वर आले. शहराचा उजेड परतला होता, त्यामुळे मघाचं आभाळ आता निम्मंच होतं. बारीक तारे बुडाले होते. पण सप्तर्षी होते, स्वाती होती आणि विंचू आता सगळाच वर आला होता, नांगीसकट. गोजरबाईनं त्यांना बसायला चटई सरकवली. रत्नमाला एका कडेला आडवी झाली होती. कुणी काही बोलायच्या आत तिला झोप लागली, आणि रूपानं सगळ्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. साडेबारापर्यंत नजमाभाभींच्या गच्चीवर कुजबुज चालू होती. नंतर तीही थांबली.

दिवे लावायला कुणी माणूस आला नाही.

चार वाजायला दहा मिनिटं असताना कडुबा पिशवी घेऊन पुन्हा मैदानात गेले. कंपनीच्या बसच्या बाया निघायच्या आधी उजेड हवा होता. फ्यूज बसवून ते वळले तर इंद्रजीत समोर होता, गाडी हातानं ढकलत आणलेली, लोकांची झोप मोडू नये म्हणून की घरच्यांना कळू नये म्हणून, कुणास ठाऊक. आप्पासाहेबांनी दार उघडलं नव्हतं. आतूनच सांगितलं होतं की घरातलं भांडण घरात मिटव, सह्यांचा घोळ माझ्या नावावर येता कामा नये, वर गेलं तर मी तुला ओळखत नाही. बाकीची रात्र त्यानं पाणचक्कीजवळच्या एका बंद टपरीच्या बाकावर काढली होती.

तो म्हणाला, की सोमवारी कार्यालयात जाऊन तो कागद मागं घेतो.

"मला काहून सांगतो? तिला सांग."

गोजरबाई स्वयंपाकघरात जागीच होती. इंद्रजीतनं दारातून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तिनं त्याच्यापुढं चहाचा कप ठेवला आणि त्याच्याकडं पाहिलं नाही. नुसता मागं घ्यायचा नाय, ती म्हणाली. पहिलं पान पुन्हा लिहायचं. आन ते म्याच लिहिणार. सोमवारी तू पुढं चालायचं, म्या मागं येणार, आन साहेबासमोर तूच सांगायचं, हे पान कुणी काढलं व्हतं ते.

त्यानं विचारलं की ताईला लिहू दे ना, तिचं अक्षर चांगलं आहे.

"सरिता सांगंल. म्या लिहीन."

रूपाची वही आली. सरिता शेजारी बसून एकेक शब्द सांगू लागली. गोजरबाई पेन दाबून लिहायची, त्यामुळे अक्षर मागच्या पानावर उमटत होतं. 'झाकण' या शब्दापाशी ती अडली, दोनदा खोडलं, आणि मग तिनं पान फाडून पहिल्यापासून सुरुवात केली. खाडाखोडीचा कागद आपल्या नावानं जाणार नाही, असं म्हणाली.

सकाळी नऊ वाजेपर्यंत तिच्या तीन ओळी झाल्या होत्या. इंद्रजीत समोर भिंतीला टेकून बसला होता. त्यानं दोनदा उठायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तिनं मान वर न करता पेनानंच त्याला खाली बसायची खूण केली, आणि तो बसला.